आईनं ताट तिथंच सोडलं

जानेवारी आला की दाराच्या फटीतून क्रूझचे कॅटलॉग पडायला लागतात. कार्डिफमधल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर ते येतात माझ्याआधी इथं राहून गेलेल्या कुणा मिस्टर अँड मिसेसच्या नावानं. जाडजूड, गुळगुळीत, चटईवर धप्प आवाज करणारे. बाहेर दुपारी चारलाच अंधार झालेला असतो, पाऊस आडवा मारत असतो, ओले बूट पायातून निघत नसतात, आणि चटईवर एक निळाशार समुद्र उताणा पडलेला असतो.

मी ते कॅटलॉग सरळ रिसायकलिंगमध्ये टाकत नाही. आधी तपासते. पानोपानी पांढऱ्या केसांचं एक जोडपं आरामखुर्च्यांत पहुडलेलं असतं. दोघांचेही दात फार चांगले असतात. आणि फोटोच्या कडेला, अधूनमधून, एक हात असतो. सावळा हात, पांढरी बाही, हातात ट्रे. मनगटाच्या जरा वर फोटो संपतो. त्या हाताला खांदा असेल, खांद्यावर डोकं असेल, त्या डोक्यात घरची काळजी असेल, मुलीच्या परीक्षेची असेल, पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं राहिल्याची असेल. ते सगळं कात्रीनं बाहेर. कुणीतरी ऑफिसात बसून, कॉफी पीत, विचारपूर्वक ही कात्री चालवलेली असते. मला त्या माणसाशी भांडायचं असतं. समोर कुणी नसतं, म्हणून मी कॅटलॉगच जोरात पिशवीत आपटते.

आणि मग हसायला येतं. कारण दोनतीन वर्षांपूर्वी, अशाच एका जानेवारीत, माझे आईवडील अशाच एका बोटीत बसून वेस्ट इंडीजला गेले होते. त्यांना बंदरावर सोडायला गाडी मीच चालवली होती.

आमच्या घरात 'बाबा' म्हटलं की ते भिंतीवरच्या फोटोतले, निळ्या कोटातले. म्हणून वडिलांना मी पप्पा म्हणते. पप्पा लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका छापखान्यात मशीनवर होते, छापखाना बंद पडेपर्यंत. नागपूरहून आले तेव्हा हातात तेच कसब होतं आणि डोक्यात पत्रकं. आमच्या जेवणाच्या टेबलावर आधी पत्रकांच्या घड्या पडायच्या, मग ताटं. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'समता' हा शब्द मला 'सफरचंद'च्या आधी वाचता यायला लागला. शनिवारी हाय स्ट्रीटवर उभं राहून पत्रकं वाटायची, रविवारी आमच्याकडे मीटिंग. पुढच्या खोलीत माणसं मावायची नाहीत, काही जिन्यावर बसायची. दारात 'जयभीम, जयभीम' चाललेलं असायचं. मग चर्चा, मग जेवण, मग पुन्हा चर्चा.

आणि एक नियम होता. आपलं ताट आपण उचलायचं.

पप्पांची आई विदर्भातल्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या पंगतींची उष्टी काढायची, आणि त्या उष्ट्यावरच पोरं वाढवायची. पप्पा याबद्दल बोलत नाहीत. मला आठवतं तसं एकदाच म्हणाले, "माझ्या आईनं उचलली तेवढी पुरे झाली. आता माझं उष्टं दुनियेत दुसऱ्या कुणी उचलायचं नाही." म्हणून हा नियम घरात होता, विहारात होता, लग्नाच्या हॉलमध्ये होता, वेम्ब्लीच्या हॉटेलातसुद्धा होता. वेटर यायच्या आत पप्पा ताटं एकावर एक रचून काउंटरवर नेऊन ठेवायचे. एकदा मत मागायला आलेले एक इंग्रज कौन्सिलर आमच्याकडे झुणका-भाकरी खाऊन उठले, तर पप्पांनी त्यांनाही हातानं किचनचा रस्ता दाखवला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी, हातात उष्टं ताट, अशा अवस्थेत सिंक शोधत निघालेले ते गृहस्थ मला अजून दिसतात. मला या नियमाचा अभिमान होता. आजही आहे.

आई एका शाळेच्या किचनमध्ये कामाला होती. मुलांनी अर्धवट टाकलेले ट्रे खरडायचे, मशीनला लावायचे, पुढची रांग आली की पुन्हा खरडायचे. हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडायच्या. मग संध्याकाळी ती हातांना व्हॅसलीन चोपडून वरून पप्पांचे जुने पायमोजे चढवायची आणि टीव्हीसमोर बसायची. मोजे घातलेल्या हातांनी रिमोटची बटणं दाबली जायची नाहीत. "प्रज्ञा, चॅनल बदल गं," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की हिवाळ्याचा आवाज कसा असतो असं कुणी विचारलं तर मी हेच सांगीन.

उभं राहून राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या. एकदा पायात रक्ताची गाठ झाली, ती बरी झाली, पण लांबच्या विमानप्रवासाला डॉक्टरांनी कायमचं नाही म्हणून सांगितलं. विमान बंद म्हणजे नागपूर बंद. बहिणीच्या मुलीचं लग्न तिनं सीडीवर पाहिलं, शेवटच्या अर्ध्या तासात सीडी अडकली, तर नवरी सासरी गेली की नाही हेही फोन करून विचारावं लागलं. या सगळ्याबद्दल आईनं कधी तक्रार केली नाही. ती रिटायर झाली, शाळेनं एक घड्याळ आणि एक केक दिला, आणि पुढच्याच सोमवारी ब्रेकफास्टच्या टेबलावर तिनं एक कॅटलॉग पप्पांच्या टोस्टशेजारी ठेवला.

"अहो, मला बोटीनं जायचं आहे."

"कुठं?"

"ही बघा, वेस्ट इंडीजला जाते. साउथहॅम्प्टनहून निघते आणि तिथंच परत आणून सोडते. विमान नाही. बोटीवर डॉक्टर आहे. प्रज्ञा गाडीनं सोडेल."

पप्पांनी चष्मा वर केला. "सुशीला, त्या बेटांवर माणसांना साखळ्या घालून नेलं होतं, माहीत आहे ना? ऊस तोडायला. ते सुटले, तर मग आपल्याकडची गरीब माणसं करार करून नेली."

"माहीत आहे. पत्रक तुम्हीच काढलं होतं. घड्या मी घातल्या."

"मग?"

"मग मी काय ऊस तोडायला चालले का? मला महिनाभर कुणाचं ताट बघायचं नाही. कुणाचंच. तुमचंही."

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी त्या शनिवार-रविवारला जोडून रजा काढून घरी आले होते. बोटीबद्दल माझी मतं पप्पांपेक्षा जहाल होती, आणि ती त्यांना ठाऊक होती. त्यांना वाटलं मी बोलेन. पण आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी टोस्टला लोणी लावत राहिले. ठरलं.

निघालो त्या सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता. पप्पांनी तो जुन्या कॅसेटच्या डबीनं खरवडला. आई पुढच्या सीटवर, मांडीवर रोड ॲटलास, जरी रस्ता मला पाठ होता आणि नकाशा तिला उलटा दिसत होता तरी. पप्पा मागे बॅगांच्या गराड्यात. एम ट्वेंटीफाइव्ह हायवेवर नेहमीसारखी कोंडी, पुढे एम थ्री मोकळा. दोन्ही बाजूंना झाडांच्या नुसत्या काड्या, त्यांत मधूनच एखादा कावळा. हायवेलगतच्या सर्व्हिसेसवर थांबलो तेव्हा आईनं डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. सगळ्या गाडीला तो वास लागला, आणि महिनाभर सुटला नाही.

"माझी निळी फाइल कुठं आहे?" पप्पा बॅग चाचपत म्हणाले.

"डिकीत. ती तुमच्यासोबत येणार नाही, प्रज्ञासोबत परत जाणार."

"अगं, बोटीवर कामगार असतात. शेकड्यांनी. त्यांना वाचायला..."

"महिनाभर त्यांनाही सुट्टी द्या."

साउथहॅम्प्टनला रस्ता वळला आणि घरांच्या मागे एकदम ती बोट दिसली. मी मनात ठरवून आले होते की हिला तरंगता वाडा म्हणायचं, साहेबांची जहागीर म्हणायचं, पण आईनं खिडकीची काच खाली केली, थंडी आत घेतली, आणि म्हणाली, "केवढी गं." तिला नीट बघता यावं म्हणून मी गाडीचा वेग कमी केला. बंदरावर हमालानं बॅगेला हात घातला. पप्पांनीही बॅग सोडली नाही. दोघंही बॅगेचे दोन बंद धरून उभे.

"सर, हे माझं काम आहे," तो म्हणाला.

"आणि ही माझी बॅग आहे," पप्पा म्हणाले.

शेवटी बॅग दोघांनी मिळून नेली. आई पुढे निघून गेली होती. तिनं मागं वळून बघितलंच नाही.

पुढचं सगळं मला फोनवर कळलं, आणि नंतर घरी, वर्षभर, तुकड्यातुकड्यांनी. आईची हकीकत वेगळी आणि पप्पांची वेगळी. जिथं दोघांचं जुळतं तेवढं लिहिते.

पहिल्याच संध्याकाळी मोठ्या डायनिंग रूममध्ये जेवण झालं. पांढरे टेबलक्लॉथ, चार प्रकारचे काटे. शेजारी डेव्हनकडचं एक गप्पिष्ट जोडपं. वाढायला होता विल्फ्रेड, वसईचा, चाळिशी ओलांडलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. आईच्या तोंडून मराठी ऐकल्याबरोबर तो तिला काकू म्हणायला लागला. जेवण संपलं, आणि पप्पा उठले. आपलं ताट उचललं, आईचं उचललं, डेव्हनच्या बाईंचंही सवयीनं उचललं. त्यांचं पुडिंग अजून शिल्लक होतं. ताटं घेऊन ते सगळी डायनिंग रूम ओलांडून स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे निघाले. तीनशे माणसं बघत होती, असं आई म्हणते. पप्पा म्हणतात, कुणाचं लक्षही नव्हतं.

विल्फ्रेडनं त्यांना दारात गाठलं. "काका, प्लीज ठेवा ना ते. साहेब बघतोय."

"बोलाव साहेबाला. मी समजावतो."

"समजावू नका, काका. तुम्ही समजावलं की माझं नाव लागतं. म्हणतील, हा टेबल नीट सांभाळत नाही."

पप्पांनी ताटं दिली. पण हार मानली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यातल्या सेल्फ-सर्व्हिसमध्ये जेवायला लागले आणि आईलाही तिकडंच नेऊ लागले. तिथं ट्रे स्वतः नेऊन ठेवता यायचा. केबिन साफ करायला येणाऱ्या मुलीला त्यांनी हात जोडून परत पाठवलं. अंथरूण स्वतः घातलं. पप्पांनी घातलेलं अंथरूण म्हणजे कसं, तर गादीवर चादर आहे एवढं कळतं. आई ते पुन्हा ओढून नीट करायची. केबिनमध्ये चहाची किटली होती. पप्पांना दिवसाला चारदा चहा. कप बाथरूमच्या बेसिनमध्ये आई धुवायची. संध्याकाळी डेकवर उभे राहून पप्पा समाधानानं म्हणाले, "बघ सुशीला, इथं येऊनही आपण कुणाकडून सेवा करून घेतली नाही." आईच्या हातात तेव्हा ओला टॉवेल होता. तो तिनं कठड्यावर वाळत घातला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून धरून ठेवला होता.

मडेरा नावाच्या बेटावर बोट थांबली तेव्हा आईनं बंदरावरून फोनकार्ड घालून मला फोन केला. मी ऑफिसात सँडविच खात होते.

"कशी आहेस? काय बघितलंस?"

"फुलं खूप आहेत. ऊन आहे." समुद्राचा की वाऱ्याचा आवाज मधेच वाढला. "प्रज्ञा, मी इथंही कपच धुऊन राहिले गं."

तिनं हे रडत सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती हसत सांगत होती. मागून पप्पांचा आवाज, "विचार तिला, छापखान्याच्या पेन्शनचं पत्र आलं का." मी म्हटलं, पप्पांना फोन दे. पप्पा फोनवर आले. काय बोलणार होते मी? की उचलू द्या दुसऱ्याला तुमचं उष्टं? ज्या माणसानं मला हे शिकवलं, त्याला हे सांगू? त्या कॅटलॉगमधल्या कापलेल्या हातात आपणही एक ताट देऊ? मी एवढंच म्हटलं, "पप्पा, आईची सुट्टी चालू आहे ना?" ते म्हणाले, "अर्थात. मजेत आहे ती."

सँडविच तसंच राहिलं. मी खिडकीतून कार्डिफच्या पावसाकडे बघत बसले. आमच्या घरातला नियम आजीसाठी झाला होता. आजीचा अपमान आमच्यापैकी कुणी विसरलं नव्हतं, विसरूही नये. पण रविवारी मीटिंग संपली की माणसं रांगेनं किचनमध्ये जायची, ताठ मानेनं आपापलं ताट सिंकमध्ये ठेवायची, आणि परत पुढच्या खोलीत येऊन माणसाच्या प्रतिष्ठेवर बोलायला लागायची. किचनमध्ये भांड्यांचा आवाज चालू राहायचा. त्या आवाजावर आम्ही कधी ठराव मांडला नव्हता. आईनंही कधी मांडला नव्हता. आणि आता ती एवढा अटलांटिक ओलांडायला निघाली होती, तर तो आवाज तिच्याबरोबर निघाला होता. तिचे हे दिवस असेच जातील, आणि ती पुन्हा काही मागणार नाही, याची मला भीती वाटली. पप्पांच्या हट्टाची नव्हे. आईच्या सवयीची.

पण आई माझ्यापेक्षा जास्त पत्रकं वाचलेली बाई आहे. घड्या घालताना ती प्रत्येक पत्रक वाचायची, हे आम्ही कुणी लक्षात घेतलं नव्हतं.

मडेरा सुटलं त्या संध्याकाळी तिनं चांगली साडी नेसली, आणि पप्पांना न विचारता मोठ्या डायनिंग रूममध्ये जाऊन विल्फ्रेडच्या टेबलावर बसली. पप्पा मागोमाग आले. आई सावकाश जेवली. सूप, मासे, बटाटे. शेवटी एक बटाटा ताटात उरला. आईनं भाताचं शीत कधी टाकलेलं नाही, पातेलंसुद्धा ती बोटानं पुसून घेते. तो बटाटा तिनं काट्यानं ताटाच्या मधोमध सरकवला, काटासुरी बाजूला ठेवली आणि उठली.

पप्पांचा हात ताटाकडे गेला.

"हात लावू नका," आई म्हणाली. डेव्हनचं जोडपं एकदम मेनूकार्ड वाचायला लागलं.

"अगं, पण हे..."

"ते माझं ताट आहे. मी ते इथं सोडून चालले."

विल्फ्रेड आला, ताट उचललं, म्हणाला, "थँक्यू काकू, बटाटा कडक होता का?" "नाही रे बाबा," आई म्हणाली, "बटाटा फार चांगला होता."

मग डेकवर दोघांचं भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलंच म्हणे, निदान उघड्यावरचं. वारा इतका होता की दोघांना ओरडावं लागत होतं, त्यामुळे ते होतं त्यापेक्षा मोठं वाटलं असणार.

"माझ्या आईनं जे केलं ते मी विल्फ्रेडला करायला लावू?" पप्पा म्हणाले.

"तुमच्या आईला मी पाहिलं आहे. त्यांना उष्टं उचलायची लाज नव्हती वाटत. त्या बदल्यात उष्टंच मिळायचं, आणि नाही म्हणता यायचं नाही, याचा राग होता त्यांना. विल्फ्रेडला पगार आहे. कमी असेल. तर त्याच्या पगारावर पत्रक काढा. माझ्या सुट्टीवर नका काढू."

पप्पांनी कठडा धरला.

"तुमचं तत्त्व सिंकपर्यंत येतं," आई म्हणाली. "त्याच्यापुढं मी असते. आणि मला तर पगारही नाही."

हे वाक्य दोघांच्याही हकिकतीत अगदी सारखं आहे. शब्दाला शब्द.

त्यानंतर म्हणे बरेच दिवस नुसता समुद्र होता. रोज हवा थोडी थोडी गरम होत गेली. आधी आईचा कोट गेला, मग कार्डिगन, मग पायमोजे. ती डेकवरच्या खुर्चीत बसून राहायची. काही करायची नाही. वाचायची नाही, विणायची नाही. पप्पा शेजारच्या खुर्चीत अवघडून बसायचे, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा आल्यासारखे. जेवणाच्या टेबलावर शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे, ताट उचललं जाईपर्यंत. विल्फ्रेड आला की खुर्चीतून अर्धवट उठून "आभारी आहे" म्हणायचे. तोही कंटाळून म्हणाला, "काका, बसा हो. तुम्ही उठलात की मला वाटतं काही सांडलं." पण पप्पा उठायचे थांबले नाहीत. या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. ज्यानं आपल्यासाठी काही केलं त्याच्यासमोर माणसानं निदान अर्धं तरी उठावं.

आणि पत्रक त्यांनी काढलंच. पुढच्या हिवाळ्यात, बोटीवरच्या कामगारांचे तास आणि रजा या विषयावर, कुणाचं नाव न घालता. आम्ही दोघांनी ते साउथहॅम्प्टनच्या गोदीच्या फाटकाबाहेर उभं राहून वाटलं. बोटीवर चढायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते वाचून पप्पांना विचारलं, "तुम्ही कधी क्रूझला गेलायत का?" पप्पा म्हणाले, "हो. माझ्या मिसेसनं नेलं होतं." त्यांच्या आवाजात एवढा रुबाब होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

पण ते नंतरचं. फेब्रुवारीच्या शेवटी मी त्यांना आणायला गेले तेव्हा बंदरावर बारीक बर्फ भुरभुरत होतं. आई आली ती उन्हानं चांगली काळवंडलेली, चालण्यात एक संथपणा आलेला, जणू खालची जमीन हलत असेल तर हलू दे. ती मागच्या सीटवर बसली, पाय वर घेतले, आणि एम थ्री लागायच्या आत झोपली. पप्पा पुढं बसले. आरशात मला तिचे मांडीवर पडलेले हात दिसत होते. फेब्रुवारी असून एकाही बोटाला भेग नव्हती. मला कळत्या वयापासून हे मी प्रथमच बघत होते.

"पप्पा," मी हळूच म्हटलं, "आता घरी गेल्यावर?"

"काय घरी गेल्यावर?"

"काही नाही."

मी काय विचारत होते ते त्यांना कळलं असावं. वॉटफर्ड येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत होते. बोटीवर हात मांडीखाली दाबून बसणं एक वेळ जमतं. बोटीवर विल्फ्रेड असतो. घरी कोण आहे? घरी गेल्यावर किटली तीच, सिंक तेच, रविवार तोच. आईची बोटं पुन्हा पहिल्यासारखी व्हायला किती रविवार लागतील, हा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता आणि मला त्याचा राग येत होता.

पहिलाच रविवार आला. मी मुद्दाम थांबले होते. माणसं नेहमीपेक्षा जास्त आली, बोटीचं ऐकायला. जेवण लोकांनी आपापल्या घरून आणलं होतं. जेवणं झाली, आणि सवयीप्रमाणे सगळे ताटं घेऊन उठले. किचनच्या दाराशी रांग लागली. मीही रांगेत होते. आई पुढच्या खोलीत सोफ्यावर बसली होती. तिनं स्वतःचं ताट मात्र सर्वांत आधी सिंकमध्ये नेऊन ठेवलं होतं, आणि परत येऊन बसली होती. बसूनच राहिली. सिंक भरलं, ओट्यावर थर लागला. पुढची माणसं ताटं हातात घेऊन एकमेकांकडे बघायला लागली. एवढी वर्षं हे घर ज्यांच्या पायाखालचं होतं, त्यांच्यापैकी एकालाही सिंकच्या पुढचा रस्ता माहीत नव्हता.

पप्पा रांगेच्या मधोमध होते. त्यांनी सोफ्याकडे बघितलं. मग बाह्या वर केल्या आणि आत गेले.

"सुशीला, लिक्विड कुठं आहे?"

"असेल तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं?"

"शोधा ना. छापखान्यात शाई सापडायची की नाही?"

पुढची खोली हसली. आत कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज, मग पाण्याचा. पाठोपाठ रांगेतले दोघंतिघं बाह्या सावरत आत शिरले. खुर्ची ओढून एका वयस्क बाईंनी आईला विचारलं, "वहिनी, समुद्रात उतरलात की नुसता बघितला?"

"उतरले ना. बार्बाडोसला. हे गेले होते ऊस बघायला."

"ऊस नाही, मळ्यावरच्या गुलामांच्या वस्त्या बघायला," आतून पप्पा ओरडले.

"तेच ते. मी किनाऱ्यावर बसले. तिथं एक बाई होती, माझ्याच वयाची, माझ्याहून जराशी काळी. रोज सकाळी पाण्यात येते म्हणे. मला म्हणाली, ये. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. म्हणाली, पोहू नको, नुसती पड. मी सलवार-कमीजवरच गेले कमरेपर्यंत. तिनं पाठीखाली हात धरला. म्हणाली, मान सोड. सोडली. पाय सोड. सोडले. पण हात काही सुटेनात. मुठी आवळलेल्या. तर ती मला विचारते, तू एवढं काय धरून ठेवलंयस? मी बघितलं, तर खरंच हातात काही नव्हतं."

"मग?"

"मग उघडले." आईनं मांडीवर दोन्ही तळवे उताणे करून दाखवले. "पाणी इतकं कोमट. आणि वर नुसतं आभाळ."

हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. पप्पांनाही नव्हतं. आतला आवाज थांबला होता, आणि ते किचनच्या दारात येऊन उभे होते, कोपरापर्यंत फेस, हातात एक ताट.

"आणि ती बाई," त्यांनी विचारलं, "तिनं पाठीखालचा हात कधी काढला?"

"केव्हाच काढला होता," आई म्हणाली. "मला कळलंच नाही."

पप्पा तसेच उभे राहिले. त्यांच्या कोपरावरून फेसाचं पाणी टपटप नव्या कार्पेटवर पडत होतं. आईनं त्या ओल्या डागाकडे पाहिलं, आणि बसून राहिली.